अठरा इंची पट्टी

कासम बुरोंडकर कानस घेऊन चेनचा एकेक दात घासत होता आणि मी त्याच्या शेजारी, आडव्या पडलेल्या आंब्यावर आडवा पडलो होतो. दोघं बोलत होतो, पण डोळे मिटून.

"किती झाले?" मी विचारलं.

"एकतीस."

"दात?"

"मशीनं. वादळापासून एकतीस मशीनं खोलली. दात कोण मोजतो."

वादळ होऊन अकरा दिवस झाले होते. गावात एक पोफळ उभी नव्हती. माड मधोमध मोडलेले, आंबे मुळासकट उपटलेले, आणि सगळं येऊन पडलेलं एक तर रस्त्यावर नाहीतर कुणाच्या तरी घरावर. लाइट नाही, फोन नाही. आमच्या गावात मी एकटा कटरवाला, चेनच्या करवतीने झाडं कापणारा. एरवी जळाऊ लाकडं पाडायची, वाढलेल्या फांद्या उतरवायच्या, असली कामं. त्या अकरा दिवसांत मात्र दिसायला लागल्यापासून दिसेनासं होईपर्यंत मशीन हातात. संध्याकाळी चहाचा ग्लास धरला तरी हात मशीन धरल्यासारखे थरथरायचे. अर्धा चहा पायावर.

आणि कासम म्हणजे आसपासच्या गावांतल्या सगळ्या मशीनांचा डॉक्टर. तो माझा शाळेतला दोस्त. नऊ वर्षं दोह्याला जनरेटरवर मेकॅनिक होता, मग चार वर्षांपूर्वी सगळं सोडून परत आला आणि चिपळूणच्या एका डीलर शेठकडे लागला. पिवळी मशीनं विकायची आणि बंद पडली की मोटरसायकलला पेटी बांधून दुरुस्तीला यायचं. वादळानंतर तो चिपळूणला गेलाच नव्हता. जाईल तिथवर गाडीने आणि पुढे आडवी झाडं चढून, पेटी डोक्यावर घेऊन या वाडीतून त्या वाडीत फिरत होता.

"आज झोप की जरा," मी म्हटलं.

"आज झोपून कसं चालेल? आज भाऊ येणार."

भाऊ म्हणजे दामलेभाऊ. बागायतदार संघाचे अध्यक्ष. संघ पाच मशीनं घेणार होता, वाडीवाडीला एक. पिवळं घ्यायचं की लाल, ते आज दुपारी त्या आंब्यावरच ठरायचं होतं. मोठा रस्ता मोकळा होताच लाल मशीनवाला चव्हाण साताऱ्याकडून टेम्पो भरून आला होता.

"पाच मशीनं इथं गेली," कासम म्हणाला, "तर शेठ दापोलीला वर्कशॉप टाकतोय. माझ्या हातात देणार. नाही गेली तर दिवाळीनंतर ही लाइन बंद. चिपळुणात त्याला माझी गरज नाही, तिथं भाचा बसलाय त्याचा."

"मग तू काय करणार?"

"मी काय करणार. अब्बास आहे दोह्यात, माझ्या जुन्या कंपनीतला. जागा धरून ठेवलीय म्हणतो."

"जा मग. उंट बघ."

"उंट बघून झाले, जयऱ्या." कानस थांबली. "परत आलो तेव्हा सना पाच वर्षांची होती. मला काका म्हणाली. दोन दिवस."

"आता काय म्हणते?"

"आता नावाने ओरडते. आईचं बघून."

तो हसला. मीही हसलो. मग मी त्याला डिवचायला घेतलं, कारण गप्प बसलं की झोप यायची.

"पण त्या लाल मशीनची पट्टी बावीस इंची आहे हां. तुझी अठरा. भाऊ लांबी बघणार."

"पट्टी लांब लावली म्हणून इंजिन मोठं होतं काय? बारक्या पाड्याला मोठा नांगर जोडल्यासारखं आहे ते. दहा मिनिटं ओढेल, मग बसेल."

"आंबा वीस इंच जाड आहे."

"मग दोन बाजूंनी काप. तू दहा वर्षं काय करतोयस?"

"मला कळतं रे. भाऊंना कुठे कळतं? त्यांना लांब दिसलं की बरं वाटतं."

"आणि बंद पडलं की? त्या चव्हाणला विचार, प्लग कुठे मिळेल. चेन तुटली तर कुठे जायचं. त्याच्याकडे एक मोबाइल नंबर आहे फक्त. आणि इथं तर टॉवर पण आडवा पडलाय." असं म्हणत त्याने घासलेली चेन पट्टीवर चढवली, झाकण बसवलं, दोन्ही नट आवळले, हातमोजा घालून चेन दोनदा ओढून बघितली. मशीन बाजूला ठेवलं. "माझं मशीन बंद पडलं तर मी आहे ना. माणूस..."

पुढचं वाक्य आलं नाही. मान मागे टेकली होती, तोंड उघडं. पाना हातातच.

आता, खोडी करणं हा माझा जन्माचा धंदा. सुतकात सुद्धा मला राहवत नाही. वादळानंतर तिसऱ्या दिवशी मी वरच्या वाडीत जाऊन ओरडलो होतो की खाली लाइट आली. सगळी माणसं बटणं दाबायला घराकडे पळाली. त्यात भाऊंचे धाकटे बंधू घसरून पडले, पाय सुजला. शिव्या मिळाल्या, पण नंतर लोक हसलेही. निदान मला तरी तसं वाटलं.

कासमवर तर मी शाळेपासून खोड्या करायचो आणि एकही धड जमली नव्हती. एकदा मी माझ्याच मशीनची प्लगची टोपी काढून ठेवली आणि मशीन मेलं म्हणून त्याला बारा किलोमीटरवरून बोलावलं. त्याने गाडीवरून उतरायच्या आधी लांबूनच बघितलं, जवळ आला, आणि मूठभर लाकडाचा भुसा माझ्या शर्टात कोंबून परत गेला. असा माणूस. त्याच्यापासून मशीनची गोष्ट लपायची नाही.

म्हणून मी ते केलं.

दोन नट. झाकण काढलं, चेन उतरवली, उलटी फिरवून परत चढवली, आवळली. दीड मिनिट. चेनच्या दातांना तोंड असतं. पट्टीच्या वरच्या अंगाला दात पुढे बघायला पाहिजेत. उलटी घातली की ते मागे बघतात. मग मशीन चालू होतं, चेन फिरते, आवाज तोच येतो, पण लाकूड कापत नाही. नुसतं घासतं. धूर निघतो.

माझा हिशेब सरळ होता. तो मशीन उचलणार, बघणार, माझ्याकडे बघणार, आणि सगळ्या लोकांसमोर मला भुसा खायला घालणार. अकरा दिवसांत कोणी पोटभर हसलं नव्हतं.

दुपारी माणसं जमली, पन्नास-साठ. भाऊ छत्री टेकत आले. आधी लाल. चव्हाणने लांब पट्टी आंब्याला लावली, आणि खरं सांगायचं तर मशीन मध्येच दोनदा गुदमरलं, पट्टीच्या टोकाला तेल पोचत नव्हतं ते मला वासावरून कळत होतं. पण एका बाजूने घातलं ते दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. ओंडका धप्पकन चिखलात पडला. माणसांनी माना हलवल्या.

"हां, आता कासमभाई," भाऊ म्हणाले.

मी त्याला हलवून उठवलं. तो उठला, चेहऱ्यावरून हात फिरवला, मशीन उचललं. दुसऱ्या ओढीला चालू झालं. बघ, सुरू व्हायला लालपेक्षा चांगलं. पट्टी लाकडाला लावली.

मी खांद्यावरचा पंचा तोंडात धरला होता, हसू फुटू नये म्हणून.

आवाज मोठा झाला. धूर निघाला. आंब्यावर काळपट ओरखडा उठला, बोटभर. बस.

कासमने मशीन बाहेर काढलं, बंद केलं, अंगठा दातावर फिरवला. धार होती. असणारच, सकाळभर त्यानेच घासली होती. त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवला. पुन्हा लावलं. धूर.

तेल बघितलं. फिल्टर काढून फुंकला. प्लग काढला, शर्टाला पुसला, बसवला. सगळीकडे बघत होता, फक्त तिथे बघत नव्हता. कारण तिथलं काम त्याने स्वतः केलं होतं, तासाभरापूर्वी. मेकॅनिक सगळ्या जगावर संशय घेईल, कंपनीवर घेईल, पेट्रोलपंपावर घेईल. आपल्या हातावर घेत नाही.

तिसऱ्यांदा धूर निघाला तेव्हा पंचा माझ्या तोंडातून खाली पडला होता. मी त्याचे डोळे बघितले. लालभडक, आणि कुठेच बघत नसलेले. उभ्या उभ्या झोपलेला माणूस मशीन चालवत होता.

"कासम, चेन बघ," मी ओरडलो.

"बघितली," तो म्हणाला. "धार आहे."

"तशी नाही, नीट बघ."

"अरे बघितली ना."

"असू द्या कासमभाई, दमलायत तुम्ही," भाऊ म्हणाले. "मशीन पण दमलंय वाटतं."

माणसं हसली. पोटभर. अकरा दिवसांनी पहिल्यांदा.

भाऊ माझ्याकडे वळले. "जयराम, इथं मशीनमधलं कळणारा तू एकटा. खरं बोल, आयुष्यात एकदा. कुठलं घेऊ?"

मी पुढे झालो. "भाऊ, पिवळं घ्या. लालची पट्टी लांब आहे, पण इंजिनला ती झेपत नाही. आता बघितलंत ना, मध्ये दोनदा गुदमरलं. आठवडाभर चालेल, दोन आठवडे चालेल. नंतर बसलं की काय करणार? साताऱ्याला पाठवणार? इथं अकरा दिवस एक माणूस डोक्यावर पेटी घेऊन फिरतोय. मशीनबरोबर तो येतो. तो धरून किंमत करा."

"आणि हे जे आत्ता आमच्या डोळ्यांसमोर बसलं, त्याचं काय?"

एका वाक्याचं काम होतं. मी केलं, भाऊ. चेन मी उलटी केली.

समोर पन्नास-साठ माणसं. कुणाच्या घरावर कौल नाही, कुणाची तीस वर्षांची बाग एका दुपारी गेलेली. भाऊंचे धाकटे बंधू काठी टेकून उभे, पाय अजून सुजलेला. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"होतं असं कधी कधी मशीनचं," मी म्हटलं.

"दोस्त आहे ना तुझा," मागून कोणीतरी बोललं. "दुसरं काय सांगणार हा?"

"आणि हा जे सांगेल त्याच्या उलट करावं," दुसरा म्हणाला.

पुन्हा हशा. दहा मिनिटांत पाच लाल मशीनं टेम्पोतून उतरली. वरच्या वाडीचा रस्ता मोकळा व्हायचा होता, कुणाला थांबायला वेळ नव्हता, आणि तेही बरोबरच. चव्हाणने माझ्या हातात हात दिला. मी दिला. काय करणार.

कासमची मोटरसायकल ओंडक्यांवरून उचलून न्यायला दोघं लागायचे, म्हणून मी त्याच्याबरोबर निघालो. दीड तास लागला. वाटेत तो एवढंच म्हणाला, "शेठला काय सांगू?" आणि मग बऱ्याच वेळाने, "सनाला आधी सांगतो. ती रडून घेईल एकदाची."

त्याच्या घरावर ताडपत्री होती. पडवीत त्याने मशीन खाली ठेवलं. दमून मरायला आला होता, पण मशीन पुसल्याशिवाय आत जायचा नाही. सवय. दोन नट काढले. झाकण उचललं. आणि तसाच बसला.

मी बघत होतो. आता शिवी येणार, आता पाना डोक्यात बसणार. मी डोकं पुढे केलं होतं म्हटलं तरी चालेल.

"जयऱ्या," तो म्हणाला. "हे बघ."

"काय?"

"चेन उलटी आहे."

मी त्याच्या शेजारी खाली बसलो.

"मी उलटी घातली." त्याने ते अगदी हळू म्हटलं, जसं कोणी आपल्याच घरातल्या मयताची बातमी सांगतं. "तेरा वर्षं मशीनात हात आहेत माझे. तेरा. पहिल्या दिवशी शिकवतात हे. मी उलटी घातली, वर तीनदा चालवली, आणि मला कळलं पण नाही."

"कासम, तू नाही घातलीस."

"मग कोणी घातली?"

"मी. तू झोपला होतास तेव्हा. तुझ्या लगेच लक्षात येईल वाटलं मला. गंमत करत होतो."

मी पुढे सगळं सांगितलं. दोन नट कसे काढले, पाना त्याच्या हातातून कसा सोडवला आणि परत कसा अडकवला, पंचा कसा तोंडात धरला. भाऊंनी विचारलं तेव्हा तोंड उघडून कसं मिटलं, तेही. काही ठेवलं नाही.

माझं संपल्यावर त्याने हात लांब करून माझ्या मानेवर ठेवला. 

"नको रे," तो म्हणाला.

"काय नको?"

"मला बरं वाटावं म्हणून असलं काही बोलू नको."

"कासम, खरं सांगतोय."

"जयऱ्या, मी तुला दुसरीपासून ओळखतो. खोडी केलीस की तू आधी हसतोस. मार खाताना पण हसतोस. प्रिन्सिपॉलनी छडी मोडली तुझ्यावर, तरी हसत होतास. आता तुझं तोंड बघ. हे तुझ्याकडून झालेलं नाही. माझ्याकडून झालंय. तुला वाईट वाटतंय, एवढंच."

मी हसून बघितलं. खरंच. ओठ ताणले, दात दाखवले. आलं नाही. आयुष्यात जे काम मला कधी जड गेलं नाही, ते त्या पडवीत जमलं नाही.

"मी भाऊंकडे जातो उद्या. सगळ्यांसमोर सांगतो."

"अजिबात नको. लोक म्हणतील, कासमने स्वतःची चूक झाकायला जयऱ्याला पुढे केला. तेवढी तरी इज्जत राहू दे माझी." तो उठला. "माझे हात गेले रे. डोळे गेले. अशा माणसाला वर्कशॉप देऊन शेठ काय करणार? बरं झालं एका परीने. कुणाचा पाय तुटायच्या आधी कळलं."

तरी मी गेलो. दुसऱ्या दिवशी नाही, चार दिवसांनी. भाऊंनी ऐकून घेतलं, सुपारी कातरता कातरता. म्हणाले, "दोस्ती चांगली आहे तुमची, जयराम. पण आता मशीनं घेऊन झाली."

लाल मशीनांपैकी दोन तिसऱ्या आठवड्यात बसली, तिसरं गणपतीच्या आधी. तोवर टॉवर उभा राहिला होता, पण चव्हाणचा नंबर लागेना. मग माणसं माझ्याकडे यायला लागली, कासमला बोलाव म्हणून. कासम तेव्हा चिपळूणला होता. पासपोर्टचं काम करत होता. लाल मशीनंही येऊन त्याने दुरुस्त करून दिली, जायच्या आदल्या आठवड्यात. प्रत्येक चेन बसवली की वाकून, डोळे अगदी जवळ नेऊन, दातांवरून बोट फिरवायचा. एकदा. मग परत एकदा. लोक म्हणायचे, म्हातारा झाला कासम. बेचाळीस वर्षांचा होता.

आठ वर्षं झाली. तो अजून दोह्यात आहे. मशीनात नाही, गोदामात आहे, माल मोजतो.

पण ती संध्याकाळ सांगायची राहिली. आम्ही पडवीतून आत गेलो. रेहानाभाभीने विचारलं, काय झालं, आणि त्याने चार वाक्यांत सांगितलं. सना दारात उभी होती, ती मागच्या दाराने बाहेर गेली. भाभी भिंतीला टेकून उभी राहिली. मग कासम माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आणि हा येडा बघ. म्हणतो, चेन मी उलटी केली. माझी चूक आपल्या अंगावर घेतोय."

भाभीने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्या बाईने मला कधी चांगल्या नजरेने बघितलं नव्हतं. मी तिच्या घरी आलो की ती आधी मिठाची बरणी उचलून आत ठेवायची, मी कुणाच्या तरी चहात मीठ घालीन म्हणून.

"बसा भावजी," ती म्हणाली.

अकरा दिवसांत त्या घरात काय शिल्लक होतं ते मला माहीत होतं. तिने सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं, तांदळाची भाकरी वाढली. कासमच्या ताटात एक, माझ्या ताटात दोन.

"खा," कासम म्हणाला. "लाजू नको."

मी भाभीकडे बघितलं, कासमकडे बघितलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

मी दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या.